वेखंडे मॅडमची कणगी

आमच्या शाळेतलं निकालाचं सॉफ्टवेअर मी बिघडवलं. किसन शिपायाने नाही, विजेच्या झटक्याने नाही आणि वेखंडे मॅडमच्या हलगर्जीपणाने तर मुळीच नाही. मी बिघडवलं, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून. हे वाक्य माझ्या तोंडातून निघायला इतका वेळ लागला की तोवर त्या चुकीबद्दल मला बढती मिळून गेली होती. ती कशी, ते सांगतोच. पण आधी मॅडमबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय माझ्या चुकीला काही अर्थच उरत नाही.

आमची शाळा शेणव्याच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला, माळावर आहे. मी तिथे मराठी शिकवतो आणि परीक्षांचं काम बघतो. वेखंडे मॅडम मुरबाड तालुक्यातल्या. रोज स्कूटरवरून यायच्या, ओढणी कमरेला खोचलेली, डोक्यावर हेल्मेट आणि हेल्मेटखाली मोगऱ्याचा चेपलेला गजरा. गळ्यात मंगळसूत्राशेजारी काळ्या दोऱ्यात कॉम्प्युटर लॅबची किल्ली. लॅब त्यांच्याकडे होती, पण नोकरी वर्षावर्षाची. उन्हाळ्यात संस्थेची ऑर्डर निघाली तर जूनमध्ये मॅडम शाळेत, नाहीतर घरी. एवढ्या कच्च्या धाग्यावर बसून माणूस इतक्या ठामपणे कसा बोलू शकतो, याचं मला कायम नवल वाटायचं. मी कायमचा नोकर, आणि साधा खडू मागतानाही माझा आवाज खाली जातो.

लॅब सुरू झाली तेव्हा त्यांनी सगळ्या शिक्षकांना बसवून एक भाषण दिलं. आमच्याकडे भात झोडून झालं की घरात दोन कणग्या भरतात, एक खायची आणि एक बियाण्याची. बियाण्याच्या कणगीचं तोंड शेणमातीने लिंपून टाकतात आणि पेरणीच्या आधी घरातल्या थोरल्या बाईशिवाय ते कोणी फोडत नाही. पाहुणे आले, खायची कणगी तळाला गेली, तरी दुसरीकडे कोणी बघत नाही. शेजाऱ्याकडून उसनं आणतात. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून मॅडमनी तिथूनच सुरुवात केली.

"ह्या कॉम्प्युटरात पण दोन कणग्या आहेत," त्या म्हणाल्या. "एक तुमची. तुमच्या प्रश्नपत्रिका, तुमचे फोटो, लग्नपत्रिका. ती उपसा, सांडा, तुमचं तुमी बघा. दुसरी बियाण्याची. तिच्यात प्रोग्राम. त्याचं पीक सगळ्यांनी खायचं. बियाण्यात हात कोणी घालायचा नाय."

"बघायचं पण नाही का?" पीटीच्या सरांनी विचारलं.

"बघा की. कणगीवरनं हात फिरवा, आरती ओवाळा. लिंपण फोडायचं नाय."

लिंपण म्हणजे पासवर्ड. प्रोग्रामच्या फायलींत काही बदलायला, पुसायला किंवा नवीन काही भरायला गेलं की पडद्यावर एक चौकट यायची आणि मुख्य पासवर्ड मागायची. तो फक्त मॅडमना ठाऊक होता. बाकी आम्ही सगळे, पाचवीच्या पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत, साधे वापरणारे.

मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणतो. त्यांना ही समानता झेपली नाही. पहिल्याच आठवड्यात ते लॅबमध्ये येऊन उभे राहिले.

"मॅडम, मी या शाळेचा प्रमुख. आणि ही पेटी मला सांगते, तुम्हाला हक्क नाही?"

"बरोबर सांगते सर. मला पण तेच सांगते."

"तुम्हाला?"

मॅडमनी त्यांना स्वतःचं रोजचं खातं दाखवलं. तेही साधंच. मुख्य पासवर्डाचं खातं वेगळं होतं, आणि त्यात त्या काम असेल तेवढ्यापुरत्याच शिरायच्या, बाहेर यायच्या. "घरची मालकीण झाली म्हणून बियाण्याचं भात रोज शिजवते का सर? आनि तुमच्याकडं तर शंभर लोक पेनड्राइव्ह घेऊन येतात. ज्याच्या दारात गर्दी जास्त, त्याच्या हातात किल्ली नको."

मोठे सर आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलावंच लागलं, कारण कुणीतरी साखरपुड्याचे फोटो म्हणून दिलेला पेनड्राइव्ह त्यांनी लावला, आणि त्यांच्या सगळ्या फायलींची नावं चिनी दिसायला लागली. मॅडमनी तपासलं, साफ केलं, हात झटकले. "घाण तुमच्या अंगणातच राहिली सर. पुढं लिंपण होतं, आत नाय गेली. तुमाला हक्क दिला असता, तर आज अख्ख्या शाळेचा साखरपुडा झाला असता."

पीटीच्या सरांची तऱ्हा वेगळी. त्यांना मुलाचं लग्न जमवायचं होतं आणि पत्रिका जुळवायचा प्रोग्राम शाळेच्या कॉम्प्युटरवर चढवायचा होता. चौकट आली. त्यांनी मॅडमचं नाव टाकून बघितलं, मग त्यांच्या मुलीचं, मग स्कूटरचा नंबर, मग त्यांच्या गावच्या देवाचं नाव. शेवटी कॉम्प्युटरने त्यांना बाहेरच काढलं. मॅडम आल्या, पडद्याकडे बघितलं.

"देवाचं नाव पण टाकलं?"

"सहज आपलं."

"देव पासवर्ड ठेवत नाय सर. तो पुजारी ठेवतो. पत्रिका घरच्या कॉम्प्युटरवर जुळवा, इथं पोरांचे गुण जुळवायचेत."

पण मॅडमची जी सवय माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, ती म्हणजे पाठ फिरवण्याची. दुसरं कोणी पासवर्ड टाइप करायला लागलं की त्या चटकन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायच्या. पाचवीतल्या मुलीने स्वतःचा चार अक्षरी पासवर्ड टाकला, तरीही. हात मागे बांधलेले, नाक भिंतीपासून वीतभर, शिक्षा झालेल्या पोरासारख्या. "झालं का?" विचारायच्या, "झालं" ऐकलं की वळायच्या. एकदा शहापूरला एटीएमच्या रांगेत त्या माझ्यापुढे होत्या. आतला माणूस आकडे दाबायला लागला तशी मॅडमनी रस्त्याकडे तोंड केलं आणि मागच्या सगळ्यांना बजावलं, "वळा, वळा, बघता काय." आम्ही सहा-सात माणसं, त्यात एक पोलीसही होता, निमूटपणे रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. समोरच्या वडापाववाल्याला वाटलं, कुणा पुढाऱ्याची गाडी यायची आहे. तोही बाहेर येऊन उभा राहिला.

अशा बाईचा विश्वास मी मोडला.

मे महिना होता. मॅडमच्या नणंदेचं लग्न निघालं आणि त्या चार दिवस रजेवर गेल्या. निकालाचं काम अर्धं झालेलं. जाताना त्यांनी नाइलाजाने मुख्य पासवर्ड मोठ्या सरांच्या कानात सांगितला, कुठे लिहायचा नाही या अटीवर. मोठ्या सरांना स्वतःच्या बायकोचा फोन नंबर आठवत नाही. मॅडमची स्कूटर फाटकाबाहेर पडताच त्यांनी किसनला बोलावलं आणि म्हणाले, "किसन, हे एवढं ध्यानात ठेव." आमच्या शाळेत ही जुनी पद्धत आहे. जे मोठ्या सरांच्या लक्षात राहत नाही, ते किसनच्या डोक्यात ठेवतात. बैठकांच्या तारखा, शिक्षणाधिकाऱ्यांचा स्वभाव, कपाटांच्या किल्ल्यांच्या जागा, सगळं.

किसन शेणव्याच्या वरच्या पाड्यावरचा. वयाने माझ्याएवढाच. मॅडमचं आणि त्याचं चांगलं होतं. त्या डब्यात त्याच्यासाठी तांदळाची एक भाकरी आणि सुकटीची चटणी जास्तीची आणायच्या, आणि तो त्यांची स्कूटर पुसून ठेवायचा.

निकालपत्रावर शाळेचं बोधचिन्ह बारीक छापलं जात होतं. मला ते मोठं हवं होतं. बस, एवढंच. मी किसनला विचारलं, "किसन, तो पासवर्ड काय रे?" त्याने सांगितला. सरांनी विचारलं आणि किसनने सांगितलं नाही, असं कधी झालं नव्हतं. तो पासवर्ड मी इथे लिहिणार नाही. मॅडम हे वाचतील.

मी लिंपण फोडलं. चित्राची फाइल सापडली, मोठी केली, निकालपत्र झोकात छापलं गेलं. इथे थांबायला हवं होतं. पण त्या फोल्डरची अवस्था मला बघवेना. शेकडो फायली, कशाही टाकलेल्या, चित्राशेजारी आकडे, आकड्यांशेजारी काहीतरी अगम्य. मला पसारा सोसत नाही. फळ्यावर खालच्या ओळी वर चढल्या तर मला रात्री झोप येत नाही. मी बाह्या सरसावल्या आणि त्या बियाण्याची निवड केली. नवे फोल्डर केले. एकाला नाव दिलं 'चित्रे', दुसऱ्याला 'अक्षरे', तिसऱ्याला 'संकीर्ण'. ज्या फायली उघडल्यावर नुसता कचरा दिसला, त्या 'टाकाऊ'त घातल्या आणि टाकून दिल्या. तास-दीड तासाने ते फोल्डर असं दिसायला लागलं की मॅडमनी येऊन शाबासकी द्यावी. खोटं सांगत नाही, मी शाबासकीची वाट बघत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी निकालाचा प्रोग्राम उघडेना. तो एकाच मुख्य कॉम्प्युटरवर होता आणि बाकी सगळे त्यावरून चालायचे, त्यामुळे कुठेच उघडेना. मी फायली परत जागेवर ठेवायला गेलो, पण कुठली कुठून उचलली ते मला सांगता येईना. घाबरून मी ते अख्खं फोल्डरच पुसलं. लाज वाटली म्हणून पुसलं, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे पुरावा राहू नये म्हणूनही.

निकाल लांबला. सगळ्या शिक्षकांनी बसून हाताने निकालपत्रं लिहिली. पालक फाटकावर आले. मॅडम हाताची हळद निघायच्या आत धावत आल्या, आणि दुपारपर्यंत त्यांनी प्रोग्राम नव्याने चढवला. मुलांचे गुण त्यांनी आधीच दुसरीकडे जपून ठेवलेले होते, ते सुखरूप निघाले. मग शिक्षकांच्या खोलीत मोठ्या सरांनी विचारलं, "कोणी हात लावला?"

कोणी बोललं नाही. त्या 'कोणी'त मी होतो.

मोठे सर मॅडमकडे वळले. "कुंपण तुमचं होतं मॅडम. मोडलं तर जबाबदारीही तुमची." आणि मग त्यांनी खोलीभर नजर फिरवून माझ्यावर आणली. "यापुढे मुख्य पासवर्ड सरांकडे राहील. नीटनेटका माणूस आहे. कशाला उगाच हात लावणार नाही."

ही माझी बढती.

त्या जूनला मॅडमची ऑर्डर निघाली, पण नवा पासवर्ड त्यांनी पाठ फिरवून माझ्याकडून भरून घेतला आणि त्या साध्या वापरणाऱ्या झाल्या. कुणी दुसरं असतं तर रडलं असतं, भांडलं असतं. मॅडमनी नियम पाळले. इतके काटेकोर पाळले की मी रडकुंडीला आलो. मी नववीत व्याकरण शिकवत असताना दारात उभ्या राहायच्या.

"सर, घड्याळ दोन मिनिटं मागं आहे. बदलायचा हक्क मला नाय. येता?"

मी जायचो. त्या भिंतीकडे तोंड करायच्या, मी पासवर्ड टाकायचो.

"झालं का?"

"झालं."

मग वळून, हात मागेच बांधलेले ठेवून, सांगायच्या, "डावीकडं. त्याच्या खाली. नाय, त्याच्या खाली. आता हो म्हणा." मला काहीच येत नव्हतं. सगळं त्याच करायच्या, फक्त माझ्या बोटांनी. प्रिंटरसाठी बोलवायच्या, नव्या फॉन्टसाठी बोलवायच्या. एकदा जेवणाच्या सुट्टीत बोलावलं, मी घास तसाच टाकून गेलो. "सर, कॉम्प्युटर विचारतोय, प्रोग्राम ताजा करू का. मी काय सांगू त्याला? मी पडले साधी." मी हो म्हणालो. "आता तुमी जेवा," त्या म्हणाल्या. त्या वर्षी लॅबमध्ये एकही बिघाड झाला नाही. मोठे सर जो भेटेल त्याला सांगत, सरांनी लॅबला शिस्त लावली.

आणि किसन. पासवर्ड मोठ्या सरांनी किसनला सांगितला होता, हे मॅडमना कळलं, आणि त्यांनी हिशोब केला, कणगी फोडणारा किसनच. भाकरी बंद झाली. किसनला लॅबच्या उंबऱ्याच्या आत यायला बंदी झाली, केर त्या स्वतः काढायला लागल्या. तो समोरून जाऊ लागला की भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायच्या, "कणगीला उंदीर लागला की अख्खं घर उपाशी मरतं." किसन मान खाली घालून जायचा. स्कूटर मात्र पुसत राहिला.

मला चहा आणून द्यायचा तेव्हा कप टेबलावर ठेवून म्हणायचा, "घ्या सर. नीट लावून आनलाय." साखर कपाच्या एका बाजूला, चमचा दुसऱ्या बाजूला, बिस्किटं ओळीने. त्याने मला फायली लावताना बघितलं होतं.

एकदा मी त्याला विचारलं. "किसन, तू सांगून का टाकत नाहीस?"

त्याने फडक्याने टेबल पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. "मना वाटला, तुमीच सांगाल."

पुढच्या उन्हाळ्यात संस्थेचे सचिव येणार असं कळलं. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. आदल्या दिवशी मोठ्या सरांनी मला बाजूला घेतलं. "भाऊ ऑर्डरींचं बघायला येतायत. मी सांगणार, लॅब सरांकडे उत्तम चाललीय, वेगळ्या नेमणुकीची गरज नाही. तुम्ही फक्त त्यांना चालवून दाखवा."

म्हणजे मॅडमची ऑर्डर निघणार नव्हती. आणि ती न निघण्याचं कारण मी होतो, दुसऱ्यांदा.

भाऊ आले तेव्हा दुपार होती. लॅबमध्ये मोठे सर, भाऊ, मी. मॅडम कोपऱ्यात, रोजच्यासारखी ओढणी खोचून. उंबऱ्याबाहेर किसन चहाचा ट्रे घेऊन उभा, कारण आत यायची त्याला बंदी.

"दाखवा सर," भाऊ खुर्ची ओढत म्हणाले. "बोधचिन्ह जरा मोठं करून दाखवा बघू. मागे एकदा छान मोठं आलं होतं म्हणे."

देवाची शपथ, ते हेच म्हणाले.

मी फोल्डर उघडलं. चौकट आली. पासवर्ड मागायला लागली. माझ्या उजव्या हाताला मॅडम हलल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हात मागे, बोटांत बोटं अडकवलेली. वेणीतला गजरा हेल्मेटने एका बाजूला चेपलेला. आपली नोकरी त्या चौकटीत आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मोठ्या सरांनी सकाळीच सांगितलं होतं. तरी त्यांनी पाठ फिरवली, कारण दुसरा माणूस पासवर्ड टाकत होता.

माझी बोटं कळांवर ठेवलेली होती. ती मी उचलून मांडीवर ठेवली.

"झालं का सर?" मॅडमनी भिंतीला विचारलं.

"नाही, मॅडम."

"विसरलात का?"

"नाही. मी टाकणार नाही तो. मागच्या वर्षी एकदा तुमचा टाकला होता, तुम्ही लग्नाला गेला होता तेव्हा. कणगी मी फोडली. बोधचिन्ह मोठं करायला शिरलो आणि फायली नीट लावत बसलो. चित्रे, अक्षरे, संकीर्ण. काही टाकून दिल्या. मग घाबरलो आणि सगळंच पुसलं. सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा गप्प बसलो. आणि भाऊंना दिसतेय ती लॅब वर्षभर तुम्हीच चालवलीत. मला यातलं डावं-उजवंही कळत नाही."

भाऊंनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"संकीर्ण?" ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे मोडणारे तुम्ही आणि सांभाळणारी ही. मग ऑर्डर कोणाची थांबवायची म्हणत होतात तुम्ही?" हे मोठ्या सरांना होतं. मोठे सर छताच्या पंख्याकडे बघायला लागले.

मॅडम अजून भिंतीकडेच तोंड करून उभ्या होत्या. मागे बांधलेल्या हातांची बोटं मात्र सुटली होती. "मॅडम," मी त्यांच्या पाठीला म्हणालो, "मला माफ करा."

त्या वळल्या. माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघितलं, उंबऱ्यापलीकडच्या ट्रेकडे, त्यात ओळीने लावलेल्या कपांकडे. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, ना आधी ना नंतर.

"माझं राहू द्या सर," त्या हळूच म्हणाल्या. "मी वर्षभर उंदीर कोणाला म्हटलं? आधी तिकडं. मग मला पण तिकडंच जायचं आहे."

मी उठलो, उंबऱ्यापाशी गेलो. किसन ट्रे सावरत मागे सरकायला लागला, तर मी तो ट्रे त्याच्या हातातून घेतला, कारण हात रिकामे असताना मला बोलता येत नाही. कप किणकिणले.

"किसन," मी म्हणालो, "मी सांगेन असं तुला वाटलं होतं. मी सांगितलं नाही. माफ कर मला."